बिडाच्या तव्यावर खरपूस भाजणे

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड तवा गॅस ग्रिलच्या जाळीवर कडकडीत तापवून त्यावर मासा किंवा मांस खरपूस, तांबूस भाजण्याची पद्धत. इंग्रजीतले सिअरिंग ते हेच. गोव्यात तव्यावर मासे भाजणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. अंगणात किंवा गच्चीवर गॅस ग्रिल मांडणे मात्र अलीकडचे.

जाळी असताना तवा कशाला, ही शंका रास्त आहे. जाळीवर माशाला सळयांपुरताच चटका बसतो. इसवणाची (सुरमईची) जाड फोड तिथे तग धरते, पण बांगडा किंवा लेपो हा चपटा मासा उलटताना फाटतो आणि मसाला खाली गळतो. डुकराच्या मांसाची चरबी ज्वाळेवर ठिबकून भडका उडतो. तव्यावर पूर्ण बाजू टेकते आणि सुटलेली चरबी तिथेच भाजणीच्या कामी येते.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ठिसूळ असते आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतल्यास तडकू शकते. उष्णता पसरवण्यात बीड मंद, ॲल्युमिनियमच्या सुमारे एक चतुर्थांश. मोठ्या आचेवर घाईने तापवले तर बर्नरवरचा भाग धुमसतो आणि कडा कोमट राहतात. म्हणून मध्यम आचेवर, ग्रिलचे झाकण लावून, १० ते १५ मिनिटे थांबावे. एकदा तापलेला जड तवा मात्र इतकी उष्णता साठवतो की गार तुकडा टाकल्यावरही तो सहजी निवत नाही. बिडाचा खरा गुण हाच.

खरपूसपणा येतो तो मुख्यतः प्रथिने आणि शर्करा यांच्यातील क्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकते आणि मासा भाजण्याऐवजी वाफवला जातो. आपल्याकडे माशाला मीठ-हळद लावून ठेवतात तेव्हा त्याला पाणी सुटते. ते कापडाने नीट टिपून घेणे ही या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तीच बहुतेकदा राहून जाते. तुकडा टाकल्यावर हलवू नये. कवच धरले की तो आपोआप सुटतो. कडक आचेने रस आत कोंडला जातो, हा १९व्या शतकात जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे रूढ झालेला समज मात्र खरा नाही. लाभ होतो तो चवीचा.

गोव्याच्या मसाल्यांना इथे थोडे सांभाळून घ्यावे लागते. रेशाद मसाल्यात सुक्या मिरच्या आणि लसणीबरोबर व्हिनेगर असते, बहुधा साखरही. साखर लवकर करपते, आंबटपणा तव्यावर तापून घट्ट बसलेला तेलाचा थर खातो. म्हणून मसाला बांगड्याच्या पोटात भरावा, बाहेरून अगदी पातळ लावावा आणि आच थोडी उतरवावी. रवा लावलेल्या फोडीवर येते ते रव्याचे कवच. तेही सुरेखच लागते, पण ते सिअरिंग नव्हे. घाण्याचे खोबरेल साधारण १७५ अंशांना धुरकटते, तेव्हा कडक भाजणीला रिफाइंड शेंगदाणा तेल बरे.

मांसाचे जाड तुकडे दोन्ही बाजूंनी भाजून झाल्यावर मंद आचेच्या बाजूला सरकवून, झाकण लावून आतून शिजवतात. आतले तापमान माशासाठी ६३ अंश, कोंबडीसाठी ७४ अंश हवे. डुकराच्या अखंड तुकड्याला ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरते. तव्याने सगळी जाळी झाकू नये. कोंडलेली धग नॉब आणि नळीपर्यंत पोचते.

धुतल्यावर तवा आचेवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे. खाऱ्या, दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ताजी मासळी कमी मिळते आणि माशाचा तवा फळीवर पडून राहतो. नेमक्या त्याच दिवसांत आठवड्यातून एकदा तरी तो तापवून तेल पुसून ठेवावा लागतो.