गोचिडाला बुरशी लावायची, पण कुठे आणि किती?

रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगलेली गोचिडाची मादी आपणहून गाईच्या अंगावरून गळून पडते आणि गव्हाणीच्या फटीत, भिंतीच्या भेगेत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते. गोचीड मारणारी मेटारायझियम बुरशी वापरायची ती मुख्यतः या फटींसाठी. भर दुपारी पाठीवर मारलेले बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बी) उन्हातल्या अतिनील किरणांनी काही तासांत मरतात आणि ३५ अंशांवर या बुरशीची वाढ खुंटते.

बीजाणू गोचिडाच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की साधारण दिवसभरात रुजतो आणि कवच विरघळवणारी विकरे सोडत आत घुसतो. पोटात जायची गरजच नाही. पिकांवरच्या अळ्या मारायला वापरतात त्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे घोडे इथेच अडते. त्याचे विष मुख्यतः पोटातून काम करते, आणि गोचीड तर रक्तच पितो. प्रयोगशाळेत त्याच्या काही वाणांनी गोचीड मारले आहेत, पण गोठ्यात भिस्त बुरशीवरच.

सगळ्यात मोठी चूक मात्रेत होते. बुरशीच्या भुकटीच्या पाकिटात ग्रॅममागे १० कोटी बीजाणू असतील, तर लिटरला ५ ग्रॅम टाकल्यावर एका मिलिलिटरमध्ये जेमतेम ५ लाख येतात. प्रयोगांत मात्र सहसा १ ते १० कोटी वापरतात! १ कोटी हवे तर लिटरला १०० ग्रॅम लागतील. म्हणून सगळा गोठा भिजवत बसू नका. फटी, कोपरे आणि गव्हाणीचा खालचा भाग तेवढा संध्याकाळी ओला करा. त्याच पंपात मोरचूद, बुरशीनाशक किंवा फिनाईल गेले असेल तर बीजाणू तिथेच संपतात. ही पाकिटे बहुधा पिकांच्या किडींसाठी नोंदलेली असतात, तेव्हा जनावराच्या अंगावर मारण्याआधी पशुवैद्यकांना विचारा.

पाकीट जिवंत आहे का, हे घरी पाहता येते. दहा फुगलेल्या माद्या द्रावणात बुडवा, दहा साध्या पाण्यात. दोन बरण्यांत दमट टिपकागदावर ठेवा, तोंडाला कापड बांधा आणि सावलीत दोन आठवडे राहू द्या. मेटारायझियम लागली असेल तर मेलेल्या गोचिडावर आधी पांढरा, मग हिरवा बुरा येतो. पाण्याच्या बरणीतही तसाच बुरा दिसला तर ती साधी बुरशी. कागद कमी ओला करून पुन्हा पाहा. नुसत्या मेलेल्या माद्या मोजू नका, कारण अंडी घातल्यावर मादी तशीही मरते. मोजायचे ते तपकिरी अंड्यांचे पुंजके: द्रावणाच्या बरणीत ते पाण्याच्या बरणीपेक्षा कमी दिसायला हवेत.