नदीपात्रातला ढोल, रवांडातला ढोल

गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने पुण्यात मुठेच्या पात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. धरणातून पाणी सोडलेले नसेल, तर एखाद्या संध्याकाळी तिथे उभे राहून नवख्या वादकांकडे पाहण्यासारखे असते. कमरेला ढोल बांधलेली एखादी मुलगी सुरुवातीला स्वतःच्या टिपरूवरच नजर खिळवून असते आणि तिचा प्रत्येक ठोका किंचित मागे पडतो. तासाभराने ती शेजारणीच्या मनगटाकडे पाहू लागते आणि ठोका जागेवर येतो. (पथकांच्या आवाजाबद्दल माझी तक्रार आहेच, पण तो विषय वेगळा.) दुसऱ्याच्या हालचालीचा अंदाज घेऊन नेमक्या त्याच क्षणी आपलाही हात पडणे, ही गोष्ट माणसांमधले नाते बदलते का, हा मानसशास्त्रात गंभीरपणे अभ्यासला गेलेला प्रश्न आहे.

त्याचे सर्वांत अवघड रूप आफ्रिकेतल्या रवांडात दिसते. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे १०० दिवसांत तिथे अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. मृतांत बहुसंख्य अल्पसंख्याक तुत्सी समाजातले होते, बहुसंख्याक हुतू समाजातले विरोध करणारेही होते, आणि मारणाऱ्यांत सैनिकांच्या बरोबरीने शेजारीपाजारी होते. जे वाचले त्यांना पुढे त्याच शेजाऱ्यांमध्ये राहावे लागले. हुये या विद्यापीठाच्या गावी नाटककार ओडील गाकिरे कातेसे यांनी २००४ मध्ये ‘इंगोमा न्श्या’ हे स्त्रियांचे ढोलपथक उभे केले. किन्यारवांडा भाषेत ‘इंगोमा’ म्हणजे ढोल आणि राज्यही. ढोल हे राजसत्तेचे चिन्ह असल्याने स्त्रीने तो वाजवणे परंपरेला मान्य नव्हते. या पथकात विधवा आल्या, अनाथ झालेल्या मुली आल्या, आणि ज्यांच्या घरचे पुरुष हत्यांत सामील होते अशा बायकाही आल्या.

यांना समोरासमोर बसवून बोलते का केले नाही, असे कोणी विचारील. ‘बोललीस की हलके वाटेल’ असे आपण सहज म्हणतो, पण विज्ञान इतके निश्चिंत नाही. १९९६ मध्ये आघातोत्तर तणावाच्या (भीषण प्रसंगानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाच्या) ८ रुग्णांना त्यांच्याच प्रसंगाचे वर्णन ऐकवून मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे दाखवणारे पेट स्कॅन घेतले गेले, तेव्हा भीतीशी निगडित अमिग्डला अधिक सक्रिय झालेला आणि शब्दांची जुळवाजुळव करणारा ब्रोका भाग मंदावलेला आढळला. अभ्यास छोटा होता हे खरे, पण ‘तोंडातून शब्द फुटेना’ असे आपण म्हणतो तेव्हा जे घडत असावे, त्याच्याशी तो जुळतो. रवांडात या अवस्थेला ‘इहाहामुका’ म्हणतात आणि त्या शब्दाचा रोख जिभेकडे नसून कोंडलेल्या श्वासाकडे आहे. शिवाय आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे सांगायला लावण्याच्या पद्धतीची तपासणी झाली, तेव्हा तिने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा वाढूही शकतो, असे दिसून आले.

एकत्र वादनात कोणालाच काही सांगावे लागत नाही. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली १२ नौकापटूंना यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा गटाने वल्हवायला लावून नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळला, तेव्हा मेहनत सारखीच असूनही गटात वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढलेली होती. गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि ढोल वाजवणाऱ्यांमध्येही पुढे असाच परिणाम आढळला; नुसते संगीत ऐकणाऱ्यांत मात्र नाही. ही मेंदूतल्या एंडॉर्फिनची, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या रसायनाची, खूण मानली जाते, पण एंडॉर्फिन इथे थेट मोजलेले नाही, हे लक्षात ठेवायला हवे. इस्रायलमध्ये युद्धाच्या आघाताने ग्रासलेल्या ६ सैनिकांचा गट एकत्र ढोल वाजवत असे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोबतीची जाणीव, राग बाहेर पडणे आणि स्वतःवरचा ताबा परत येणे, असे बदल नोंदवले गेले.

इथेच थांबलो असतो, तर लेख गोड झाला असता. पण रवांडात हत्या करणाऱ्या टोळ्यांचे नावच ‘इंटराहाम्वे’, म्हणजे ‘एकत्र चालून जाणारे’, असे होते. २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही जणांना प्रयोगकर्त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालवले आणि मग लहान किडे एका यंत्रात टाकायला सांगितले, ज्यात ते मरतात असा त्यांचा समज करून दिला होता. पाऊल जुळवून चाललेल्यांनी इतरांपेक्षा जास्त किडे टाकले. म्हणजे ताल माणसांना जोडतो, पण कशासाठी जोडायचे ते तो ठरवत नाही. त्यामुळे हुयेच्या पथकाचे श्रेय नुसत्या ढोलाला देता येत नाही. एरवी ज्यांनी एकमेकींकडे पाहणेही टाळले असते, त्यांनाच तिथे ठोका चुकू नये म्हणून एकमेकींच्या हातांकडे पाहावे लागले, आणि हे एकदाच नव्हे तर सरावाच्या प्रत्येक दिवशी.

याच पथकातल्या बायकांनी २०१० मध्ये हुयेत आइस्क्रीमचे दुकान काढले. ते चालवायचे म्हणजे दूध, बर्फ आणि गल्ल्याचा हिशेब यांवर रोज आपसांत बोलणे आलेच.