मिनी ऑर्डर करताना 'क्लास'च्या रकान्यात काय लिहायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स (D&D) सारख्या रोलप्लेइंग गेममधल्या तुमच्या कॅरेक्टरची छोटी मूर्ती, म्हणजे मिनी, मागवायच्या आमच्या फॉर्ममध्ये रेस (कॅरेक्टरचा वंश) आणि क्लास (त्याचा पेशा) असे दोन वेगळे रकाने का, एकच 'कॅरेक्टर' असा रकाना ठेवा ना, असं बरेच जण विचारतात, आणि जे विचारत नाहीत ते फॉर्म उलटसुलट भरून पाठवतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आमच्या कामात रेसवरून शरीर ठरतं आणि क्लासवरून अंगावरचं, हातातलं सामान. ड्वॉर्फ म्हटलं की बुटका आणि आडवा बांधा, टीफ्लिंग म्हटलं की शिंगं आणि शेपूट. विझार्डच्या कमरेला स्पेलबुक (मंत्रांचं पुस्तक) लटकवतो, सॉर्सररला नाही कारण त्याची जादू पुस्तकातून येतच नाही, क्लेरिकच्या, म्हणजे देवाच्या सेवकाच्या, ढालीवर होली सिम्बॉल (त्याच्या देवाचं चिन्ह). (ड्रॅगनबॉर्नला, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या रेसला, शेपूट का नाही? २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे D&D च्या नियमांच्या पुस्तकात, नाहीये म्हणून. हवीच असेल तर लावून देतो, फक्त आधी सांगा.)

खरा घोळ होतो तो क्लासच्या रकान्यात. तिथे लोक कॅरेक्टर काय करतो ते लिहितात. 'आर्चर', 'हीलर', 'टँक' (पुढे राहून मार झेलणारा). अहो, २०१४ च्या पुस्तकात बारा क्लास आहेत, त्यात आर्चर नाहीच. धनुष्य रेंजर चालवतो, फायटर चालवतो, रोगही (rogue, चोरट्या चालीचा) चालवतो. नुसतं 'एल्फ आर्चर' आलं की आम्ही हुड, लेदर आणि क्लोक घालून रेंजर बनवतो, प्रूफ (मंजुरीसाठी डिझाइनचं चित्र) पाठवलं की उत्तर येतं, नाही हो, माझा फायटर आहे, फुल प्लेट घालतो. मग चिलखत नव्याने, त्या चिलखतात हात नीट दिसावा म्हणून पोझ नव्याने, परत प्रूफ, आणि तोवर खेळाच्या ज्या सेशनसाठी मिनी हवी होती ते होऊनही जातं. हीलरचं तर विचारूच नका, क्लेरिक, ड्रूइड, बार्ड, पॅलाडिन, चौघांनाही बरं करता येतं, त्यातला तुमचा कोणता ते आम्हाला कसं कळणार?

काही जण म्हणतात कॅटलॉगच रोलप्रमाणे, म्हणजे लढाईत टीममध्ये कोणाचं काय काम त्याप्रमाणे, लावा. D&D च्या २००८ च्या चौथ्या एडिशनमध्ये डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर असे रोल होतेच की. होते, आणि खेळताना ते कामाचे आहेत, पण फायटर आणि पॅलाडिन दोघंही डिफेंडर, मिनी बनवताना मात्र दोघांत एक ढालसुद्धा सारखी निघत नाही. म्हणून आम्ही आधी रेस, मग क्लास, हीच पद्धत ठेवलीय आणि ठेवणार.

एडिशन लिहायला विसरू नका, त्याने अर्ध्या शंका तिथेच मिटतात. १९७८ च्या हँडबुकात असॅसिन (मारेकरी) हा क्लास म्हणून थेट निवडता यायचा, २०१४ मध्ये तो रोगचा सबक्लास (उपप्रकार) आहे, म्हणजे क्लासमध्ये 'रोग' आणि नोटमध्ये 'असॅसिन'. १९८१ च्या बेसिक नियमांत तर एल्फ हाच क्लास, तलवार पण आणि जादू पण, त्यामुळे ते नियम खेळत असाल तर क्लास रिकामा सोडा, चालेल. २०२४ च्या पुस्तकात रेसला स्पीशीज म्हणतात, पाथफाइंडर या D&D सारख्याच दुसऱ्या गेमच्या दुसऱ्या एडिशनमध्ये ॲन्सेस्ट्री, दोन्ही रेसच्याच रकान्यात टाका. २०२४ च्या यादीत हाफ-एल्फ नाही, पण आमच्याकडे त्याचं मॉडेल आहे आणि ते मागणारे अजून भरपूर आहेत.

मल्टिक्लास, म्हणजे एकाच कॅरेक्टरचे एकाहून जास्त क्लास, असेल तर 'फायटर ५, विझार्ड २' असं लेव्हलसकट लिहा, जास्त लेव्हलचा क्लास आम्ही कपड्यांत दाखवतो आणि दुसरा हातात. अशा मिनीला मॅग्नेटवाला हात घेतला तर तलवार काढून स्टाफ (जादूगाराची काठी) लावता येतो, कॅरेक्टर पुढे बदलला तरी नवीन मिनी घ्यायला नको. आणि काय लिहायचं तेच कळत नसेल तर कॅरेक्टर शीटच्या (कॅरेक्टरची माहिती लिहिलेल्या कागदाच्या) पहिल्या पानाचा फोटो पाठवा, रकाने आम्ही भरून तुम्हाला दाखवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.