पाऊलखुणांवरून वन्यप्राण्यांची ओळख

जमिनीवर उमटलेल्या पावलांच्या ठशांवरून, त्या ठशांच्या ओळीवरून आणि आजूबाजूच्या इतर खुणांवरून तेथून कोणता प्राणी गेला, कोणत्या चालीने गेला आणि साधारण केव्हा गेला हे ठरविण्याच्या पद्धतीस माग ओळखणे असे म्हणतात. बहुतेक सस्तन वन्यप्राणी रात्री किंवा संधिप्रकाशात वावरतात आणि माणसाची चाहूल लागताच दूर होतात. त्यामुळे रानवाटेने फिरणाऱ्यास प्राणी क्वचित दिसतो, पण त्याचा माग जवळजवळ रोज दिसू शकतो. ओढ्याकाठचा ओलसर गाळ, पाणवठ्याची कड, पायवाटेवरील बारीक फुफाटा, नदीची रेती आणि ताजा बर्फ या ठिकाणी ठसे चांगले उमटतात, तर पालापाचोळा, गवत आणि कातळ यांवर ते जवळपास दिसत नाहीत.

ठशाचे मूळ रूप पायाच्या रचनेवर अवलंबून असते. माणूस आणि अस्वल संपूर्ण तळपाय टेकून चालतात. मांजर व कुत्रा यांच्या कुळांतील प्राणी केवळ बोटांवर चालतात आणि त्यांची टाच जमिनीपासून वर, मागच्या पायाच्या मध्यावर असते. त्यामुळे त्यांच्या ठशात चार बोटे आणि त्यांमागची गादी एवढेच उमटते. हरणे, रानडुकरे, गवे, घोडे हे प्राणी त्याही पुढे जाऊन बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर चालतात. म्हणून ठसा पाहताना पहिला प्रश्न आकाराचा नसून रचनेचा असावा: खूर की बोटे, बोटे असल्यास किती, आणि नखे उमटली आहेत की नाहीत. नवख्या व्यक्तीचे लक्ष प्रथम ठशाच्या लांबीरुंदीकडे जाते आणि चुकीच्या निष्कर्षांचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

मार्जारकुल आणि श्वानकुल यांच्या ठशांतील फरक सर्वाधिक उपयोगी पडतो, म्हणून तो सविस्तर पाहणे योग्य ठरते. दोन्हींत चार बोटे उमटतात. मांजर, बिबट्या, वाघ यांचा ठसा एकंदरीत गोलसर असतो. चालताना त्यांची नखे आत ओढलेली असल्यामुळे ती सहसा उमटत नाहीत. गादी मोठी असते, तिच्या पुढच्या कडेला किंचित खोलगट मध्य असून मागच्या कडेला तीन स्पष्ट उंचवटे दिसतात. चार बोटांपैकी आतल्या बाजूकडील मधले बोट थोडे पुढे असते, त्यामुळे ठसा दोन सारख्या अर्ध्यांत विभागता येत नाही आणि तो डाव्या पायाचा की उजव्या हे सांगता येते. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड यांचा ठसा लांबट असतो; मधली दोन बोटे शेजारीशेजारी समान पुढे येतात, गादी लहान व त्रिकोणी असते आणि नखांची टोके बोटांपुढे टोचलेली दिसतात. बाहेरची बोटे आणि गादी यांच्यामधून दोन तिरप्या रेषा कल्पिल्यास त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. मांजराच्या ठशात गादी मध्ये येत असल्याने अशी फुली साधत नाही. नखांच्या अभावावर मात्र एकट्याने विसंबू नये. चित्त्याची नखे पूर्णपणे आत जात नसल्याने ती उमटतात, बिबट्याही निसरड्या उतारावर नखे रोवतो, आणि उलट कठीण जमिनीवर कुत्र्याची नखे अजिबात दिसत नाहीत. अशा वेळी गादीच्या मागच्या कडेचा आकार अधिक खात्रीचा पुरावा ठरतो.

वस्तीजवळच्या वाटांवर दिसणारे चार बोटांचे बहुतांश ठसे पाळीव कुत्र्यांचेच असतात, हे ध्यानात ठेवल्यास बऱ्याच अफवा टळतात. लांडगा आणि मोठा कुत्रा यांच्या एकेका ठशात विश्वासार्ह फरक करता येत नाही. त्यांची चाल पाहावी लागते: लांडग्याचा माग दूरवर सरळ व एकसुरी जातो, तर कुत्रा वाट सोडून हुंगत, वळत, परत येत जातो.

तरसाच्या ठशात चार बोटे व बोथट नखे असतात, पण पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. अस्वलाला पाच बोटे असतात; त्याच्या मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलाची आठवण करून देतो, मात्र माणसाचा अंगठा आतल्या बाजूस असतो आणि अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूस. आपल्याकडील अस्वलाच्या पुढच्या पंजाची लांब नखे बोटांपासून बऱ्याच अंतरावर पुढे खुणा करतात. पाणमांजराच्या पाच बोटांमध्ये ओल्या मातीत पडद्याची अस्पष्ट कड दिसू शकते. मुंगूस आणि उदमांजर यांनाही पाच बोटे असतात, परंतु आतले लहान बोट अनेकदा उमटत नसल्याने हे ठसे चार बोटांचे समजले जातात. साळिंदराच्या पुढच्या पायाची चार व मागच्याची पाच बोटे उमटतात, आणि मागाशेजारी फरफटलेल्या काट्यांच्या बारीक रेघा असल्यास शंका उरत नाही. सशाच्या तळव्यावर दाट केस असल्याने त्याच्या एकेका ठशाचा तपशील पुसट असतो, परंतु चार ठशांची मांडणी चुकू न देणारी असते: दोन लहान ठसे एकामागे एक, आणि त्यांच्या पुढे दोन लांब ठसे जवळपास शेजारीशेजारी. पुढचे लांब ठसे मागच्या पायांचे असतात, कारण उडी मारताना ससा मागचे पाय पुढच्या पायांच्या पलीकडे टाकतो. सशाची दिशा उलटी समजण्याची चूक येथूनच होते.

खुरांच्या ठशांत घोड्याचा ठसा एका अखंड खुराचा आणि गेंड्याचा तीन बोटांचा असतो. हरणे, गव्यासारखे गोवंशीय प्राणी, शेळ्यामेंढ्या आणि डुकरे यांचा ठसा दुभंगलेल्या खुराचा असतो. हरणाच्या खुरांची टोके निमुळती असतात व ती चालीची दिशा दाखवतात. रानडुकराचा ठसा टोकाकडे बोथट व रुंद असून खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना उपखुरांचे, म्हणजे पायाच्या मागील दोन लहान खुरांचे, ठसे खुरांच्या रुंदीबाहेर पडतात. हरणालाही उपखुरे असतात, पण ती उंचावर असल्याने केवळ खोल चिखलात किंवा भरधाव धावताना टेकतात. एका जातीचे हरिण दुसऱ्यापासून फक्त ठशावरून वेगळे करणे कठीण असते. सांबराच्या मादीचा आणि मोठ्या चितळ नराचा ठसा पाहून ठाम विधान करण्यापेक्षा जवळच्या लेंड्या व अधिवास पाहणे शहाणपणाचे. हत्तीचा पुढचा ठसा गोल व मागचा लंबगोल असतो आणि पुढच्या पावलाच्या परिघाची दुप्पट ही त्याच्या खांद्यापर्यंतच्या उंचीच्या जवळपास भरते.

एकट्या ठशापेक्षा ठशांची ओळ जास्त सांगते. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधील अंतर आणि डाव्या-उजव्या ठशांच्या ओळींमधील रुंदी मोजली की प्राण्याच्या अंगलटीचा आणि चालीचा अंदाज येतो. मांजर आणि खोकड यांसारखे प्राणी चालताना मागचा पाय पुढच्या पायाने सोडलेल्या ठशातच अचूक ठेवतात, त्यामुळे चार पायांचा प्राणी दोन पायांवर गेल्यासारखे वाटते. हा पाय किंचित चुकला की दोन ठसे एकमेकांवर चढून सहा-सात बोटांचा एकच मोठा ठसा भासतो. बर्फात त्यात आणखी भर पडते, कारण उन्हाने कडा वितळून ठसा रुंदावत जातो. १९५१ साली ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी हिमालयातील मेनलुंग हिमनदीवर टिपलेली पावलाची छायाचित्रे यतीचा, म्हणजे कल्पित हिममानवाचा, पुरावा म्हणून गाजली, तेव्हापासून अस्वलाच्या चढलेल्या आणि वितळलेल्या ठशांची शक्यता त्या चर्चेत वारंवार पुढे आली आहे. चिखलातही बोटे पसरतात व ठसा खऱ्या पावलापेक्षा मोठा दिसतो, आणि उतारावर पाय घसरल्याने तो लांबतो. म्हणून मोजमाप घ्यायचे ते सपाट, घट्ट ओल्या जमिनीवरील ठशाचे, आणि तेही फाकलेली कड सोडून खालच्या तळाचे.

ठसा किती जुना आहे हे सांगणे हे या विद्येतील सर्वांत अवघड अंग आहे, कारण वारा, ऊन, सावली आणि मातीचा प्रकार प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. ताज्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात व खालची ओलसर माती गडद दिसते. काही काळाने कडांचे कण आत ढासळतात आणि रंग आजूबाजूच्या मातीशी एकरूप होतो. फुफाट्यात दवाची खूण फार मोलाची असते. पहाटे पडलेल्या दवाने धुळीवर पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा ठशाने फोडलेला असून आत कोरडी धूळ उघडी पडली असेल, तर प्राणी दव पडल्यानंतर गेला. उलट ठशाच्या तळावरही पापुद्रा किंवा पानांवरून गळलेल्या थेंबांचे खळगे असतील, तर तो आधीचा आहे. ठशावरून किड्याचा माग आडवा गेलेला असेल किंवा त्यात कोळ्याचे जाळे असेल, तर त्यावरूनही क्रम लावता येतो. शेजारी आपल्याच तळहाताचा ठसा उमटवून काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे हा याचा उत्तम अभ्यास आहे. पुस्तकातील वर्णनाने ही नजर तयार होत नाही.

विष्ठा, झाडाच्या सालीवरील ओरखडे, चिखलात लोळल्याच्या जागा, उकरलेली माती आणि कुरतडलेले कोंब यांनी ठशाचा निष्कर्ष पक्का होतो किंवा खोडला जातो. सशाने तोडलेल्या कोंबाचे टोक सुरीने तिरपे कापल्यासारखे स्वच्छ असते. हरणाला वरचे पुढचे दात नसल्याने ते कोंब ओढून तोडते आणि टोक फाटके राहते. विष्ठेत परजीवींची अंडी असू शकतात, त्यामुळे तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

ठसे पाहण्यासाठी सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा प्रकाश सर्वांत चांगला, कारण त्यात लहान उंचवट्याचीही सावली पडते. निरीक्षकाने ठसा स्वतःच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहावे. छायाचित्र नेमके वरून घ्यावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. कायमचा नमुना हवा असल्यास ठशाभोवती पुठ्ठ्याचे कडे उभे करून दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस व एक भाग पाणी यांचे मिश्रण हलकेच एका कडेने ओततात; अर्ध्या तासाच्या आसपास ते घट्ट होते आणि पूर्ण वाळल्यावरच मऊ ब्रशने माती काढतात. हिंस्र प्राण्याचा ताजा माग, विशेषतः मोठ्या ठशांसोबत पिलांचे ठसे असतील तर, पुढच्या दिशेने काढू नये. माग उलट दिशेने काढल्यास प्राणी कुठून आला, कुठे थांबला, काय खाल्ले हे सारे कळते आणि त्याला त्रासही होत नाही.

ठशांवरून प्रजाती ओळखणे आणि त्या प्रजातीतील एकेक प्राणी ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतात वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीत वाघाचे ठसे काचेवर गिरवून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येईल असे मानले होते आणि अनेक वर्षे गणना त्यावर आधारलेली होती. एकाच वाघाचा ठसा माती, चाल आणि गिरवणारा हात यांनुसार बदलतो, ही त्या पद्धतीची मूलभूत उणीव होती. २००५ साली राजस्थानातील सारिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाल्यावर ती मागे पडली आणि २००६ पासूनच्या राष्ट्रीय अंदाजांत अंगावरील पट्ट्यांवरून वाघ वेगळे ओळखणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांवर व संख्याशास्त्रीय पद्धतींवर भर देण्यात आला. एखाद्या भागात कोणते प्राणी आहेत आणि ते कोणत्या वाटांनी फिरतात हे जाणण्यासाठी मात्र ठशांच्या पाहणीस अजूनही पर्याय नाही. कॅमेरे कोठे लावायचे हेसुद्धा सहसा तीच ठरवते.