नेमबाजांची कोपरदुखी : प्रतिबंधक व्यायाम

नेमबाजीच्या दीर्घ सरावात कोपराभोवतीच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) व मज्जातंतूंवर वारंवार भार येऊन उद्भवणारी वेदना आणि ती टाळण्यासाठी करावयाचे बलवर्धक व स्ट्रेचिंगचे व्यायाम. पिस्तूल नेमबाजांत कोपराच्या बाहेरच्या अंगाचे दुखणे (टेनिस एल्बो) व आतल्या अंगाचे दुखणे (गोल्फर्स एल्बो) असे दोन प्रकार आढळतात. येथे मुख्यतः पहिल्याचा विचार केला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांना कोपराच्या दुखापतीमुळे काही काळ स्पर्धांपासून दूर राहावे लागले होते. पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

भाराचे स्वरूप : एअर पिस्तुलाचे वजन नियमानुसार १,५०० ग्रॅमपर्यंत असू शकते. ते एकाच हाताने धरावे लागते आणि मनगटाला कोणताही आधार चालत नाही. १० मी. प्रकारात ७५ मिनिटांत ६० नेम होतात. ड्राय प्रॅक्टिस (गोळी न झाडता केलेला सराव) आणि होल्डिंग (पिस्तूल नेमावर स्थिर धरून ठेवणे) धरले, तर हात उचलण्याची संख्या याच्या कितीतरी पट भरते. एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच. त्यामुळे येथील दुखापत झटक्याची नसून स्थिर ताणाची असते, आणि टेनिसपटूंसाठी आखलेले व्यायाम जसेच्या तसे उचलताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. नेम धरताना अंगठा वर असतो, म्हणून पिस्तुलाचे वजन मनगटाला करंगळीच्या बाजूला खाली खेचते. ते सावरण्याचे काम अंगठ्याच्या बाजूचे स्नायू करतात. शिवाय मूठ आवळली की बोटे मिटवणारे स्नायू मनगटाला आत वाकवू पाहतात आणि पाठीमागचे प्रसारक (मनगट मागे वळवणारे) स्नायू त्याला विरोध करतात. ‘एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस’ या अग्रबाहूतील प्रसारक स्नायूवर ही दोन्ही कामे एकदम पडतात. त्याची कंडरा भुजास्थीच्या खालच्या टोकाच्या बाहेरील उंचवट्याला चिकटलेली असते आणि कोपर सरळ ताठ असताना ती अधिक ताणली जाते.

विकाराविषयीची मते : या दुखण्याचे पहिले वर्णन सामान्यतः रुंगे या जर्मन वैद्याच्या नावे, १८७३ सालचे, मानले जाते. ते लेखनाने हात दुखणाऱ्यांविषयी होते. टेनिसशी त्याचा संबंध १८८२–८३ च्या सुमारास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून जोडला गेला. पुढे बराच काळ हा कंडरेचा दाह समजला जाई, म्हणून विश्रांती व दाहशामक औषधे हाच उपचार रूढ होता. १९७९ मध्ये निर्शल व पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे जे वर्णन केले, त्यात दाहाच्या पेशी फारशा नव्हत्या. कोलॅजन तंतूंची विस्कटलेली मांडणी आणि नव्याने फुटलेल्या अपक्व रक्तवाहिन्या मात्र होत्या. त्यावरून हा दाह नसून अपकर्ष (ऊतींची झीज) आहे, हे मत प्रबळ झाले. अलीकडे काही अभ्यासक सुरुवातीच्या अवस्थेत सौम्य दाहाचाही वाटा असल्याचे मांडतात, आणि शस्त्रक्रियेचे नमुने नेहमी जुनाट रुग्णांचेच असतात हा त्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रतिबंधाच्या दृष्टीने कुक व पर्डम या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली क्रमिक अवस्थांची कल्पना अधिक उपयोगी दिसते. तीनुसार भार एकाएकी वाढल्यावर कंडरा प्रथम केवळ प्रतिक्रिया देते. ही अवस्था भार आटोक्यात आणल्यास उलटवता येते. पुढच्या अवस्था तितक्या सहज उलटत नाहीत.

बलवर्धक व्यायाम : यांविषयीची बरीचशी माहिती टेनिसपटू व हातकाम करणारे यांच्यावरील अभ्यासांतून आलेली आहे. नेमबाजांसाठी प्रारंभी स्थिर (आयसोमेट्रिक) व्यायाम सोयीचा. अग्रबाहू टेबलावर टेकवून, तळहात खाली, हलका डंबेल ३० ते ४५ सेकंद न हलवता धरावयाचा. असे चार-पाच वेळा. त्यानंतर वजन सावकाश खाली नेण्याचा (एक्सेंट्रिक) प्रकार येतो. दुसऱ्या हाताने मनगट वर आणून, तीन-चार सेकंद घेत ते खाली सोडतात. रबरी दांडा पिळून तो दुखऱ्या हाताने हळूहळू सोडण्याची पद्धत टायलर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिली असून तीत १५ आवर्तनांचे तीन संच सांगितले आहेत. पिस्तूल नेमबाजाने याला एका व्यायामाची जोड अवश्य द्यावी : हातोडा दांड्याच्या टोकाशी धरून, अंगठा वर ठेवून, मनगट अंगठ्याच्या दिशेने उचलणे व सावकाश खाली नेणे. नेम धरताना खरा भार याच स्नायूंवर येतो. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे व फऱ्याच्या हाडाभोवतीच्या स्नायूंचे व्यायामही यातच मोडतात. खांदा थकला की नेमबाज नकळत मूठ अधिक आवळतो.

व्यायाम करताना थोडी वेदना चालते, मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आली पाहिजे. तसे न झाल्यास वजन कमी करावे.

स्ट्रेचिंग : कोपर सरळ, तळहात खाली, दुसऱ्या हाताने पंजा खाली वाकवून सुमारे ३० सेकंद धरतात व हे दोन-तीन वेळा करतात. आतल्या बाजूसाठी तळहात वर करून बोटे मागे ओढतात. यामुळे आखडलेपणा कमी होतो. केवळ स्ट्रेचिंगने कंडरेची भार सोसण्याची क्षमता वाढते, असे मात्र मानण्यास आधार अपुरा आहे. ते बलवर्धक व्यायामांना पूरक समजावे. एक मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास स्नायूंचे बल तात्पुरते घटते, म्हणून दीर्घ स्ट्रेचिंग सरावानंतर करावे आणि सामन्यापूर्वी हलक्या हालचालींवर थांबावे.

सरावाची आखणी : दुखण्याची सुरुवात पुष्कळदा शिबिराच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टीनंतर किंवा जड पिस्तूल घेतल्यावर होते. अशा वेळी होल्डिंगचा कालावधी टप्प्याटप्प्याने वाढवावा. ग्रिप (पिस्तुलाची मूठ) हाताच्या मापाची नसेल तर ती घासून किंवा पुट्टी भरून नीट बसवून घेणे व्यायामाइतकेच महत्त्वाचे आहे.

रायफल : येथे दुखण्याचे कारण निराळे. प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) स्थितीत कोपर चटईवर टेकलेले असते व स्लिंगचा (रायफल हाताशी बांधणाऱ्या पट्ट्याचा) ताण येतो. स्टँडिंगमध्ये (उभ्या स्थितीत) कोपर बराच वेळ दुमडलेले राहते. त्यामुळे कोपरामागील द्रवपिशवी किंवा अल्नर मज्जातंतू (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारा) दाबला जातो. स्थिती बदलणे, जॅकेटचे अस्तर व स्लिंगची जागा तपासणे आणि अधूनमधून कोपर सरळ करणे हेच मुख्य उपाय होत.

वैद्यकीय सल्ला : करंगळी व अनामिका बधिर होणे, सूज, सांधा अडकणे किंवा रात्री ठणका लागणे ही लक्षणे असल्यास व्यायाम थांबवून तपासणी करावी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे चांगला आराम पडतो. मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत वर्षअखेर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती व्यायामोपचार घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली. २०२२ पासून अशी इंजेक्शने स्पर्धाकाळात उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत.