पाण्याचा ताळेबंद (शालेय गणितातील)

गावात किंवा शाळेच्या आवारात वर्षभरात येणारे पाणी आणि त्याचा वापर यांचा मेळ विद्यार्थ्यांनी स्वतः मोजमाप करून घालण्याची अध्यापनपद्धती. महत्त्वमापन, शेकडेवारी, सरासरी व आलेख हे घटक तीत पाणीटंचाईच्या प्रश्नाला जोडले जातात.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिची मुळे डच गणितज्ञ हान्स फ्रॉयडेंटाल (१९०५–९०) यांच्या वास्तवाधिष्ठित गणितात शोधतात. डॅनिश अभ्यासक ओले स्कोव्ह्‌समोस यांच्या चिकित्सक गणितशिक्षणाचाही दाखला दिला जातो; गणिती प्रतिमानांवरून समाजात निर्णय होतात, म्हणून ती तपासता यायला हवीत, अशी त्यांची मांडणी आहे. महाराष्ट्रापुरते मात्र वर्धा येथील ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून आकाराला आलेल्या नयी तालीमकडे, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगाधारित शिक्षणयोजनेकडे, पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योग, भौतिक परिसर व सामाजिक परिसर यांच्याशी विषयांचा समवाय (परस्परसंबंध) साधण्यावर भर दिला होता. पर्यावरणीय समस्येची आजची चौकट तेव्हा नव्हती. त्यामुळे हा संबंध थेट वारशाचा नसून विचारसाधर्म्याचा मानावा. पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर सक्तीचा करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर १९९१ मधला. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या (१९९३ पासून) प्रकल्पांनी स्थानिक मोजमापाला शाळांत वाट मिळाली.

हिशेबाचा पाया सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,००० हेक्टरच्या शिवारात ५०० मिमी पाऊस झाल्यास ५० लाख घनमीटर, म्हणजे जलसंधारणाच्या कामात रूढ असलेल्या एककात ५,००० टीसीएम (हजार घनमीटर), पाणी पडते. हा सगळा आकडा जमेला धरणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. बाष्पीभवन, मुरवण, मातीतील ओल आणि अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारे पाणी) असे त्याचे वाटे करावे लागतात. अपधावासाठी मुंबई इलाख्यातील अभियंता स्ट्रेंज यांचा सुमारे १८९२ चा तक्ता अजून वापरात आहे. त्यात पाणलोटाचे चांगले, मध्यम व निकृष्ट असे वर्ग आहेत; आपले शिवार कोणत्या वर्गात बसते, हे मुलांनी उतार आणि माती पाहून ठरवायचे असते. वर्ग बदलला की उत्तर बदलते, आणि पद्धतीचे खरे शैक्षणिक मोल येथेच आहे.

खर्चाच्या बाजूला पिके येतात. उसाला हंगामात साधारण १,५०० ते २,५०० मिमी, तर ज्वारीला ४५० ते ६५० मिमी पाणी लागते. म्हणजे एका हेक्टर उसाच्या पाण्यात ज्वारीचे तीन ते चार हेक्टर भिजतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभा असाच हिशेब मांडून पिके ठरवते.

विहिरीतील साठा वृत्तचितीच्या घनफळाने काढतात. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर चढले, तर सुमारे २८ हजार लिटरची भर पडते. शहरी शाळांत छतावरील पाण्याचा हिशेब पुरतो. मूल्यमापनात एकच उत्तर न मागता किमान व कमाल मर्यादा मागणे इष्ट.