डुकराची किडनी बसवून घ्यायची तर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

डुकराची किडनी माणसाला बसवल्याची बातमी आली की डायलिसिसवर असलेल्यांच्या घरात लगेच विचारणा सुरू होते, नाव कुठे नोंदवायचं? मानवी अवयवांसारखी प्रतीक्षा यादी इथे नसते. अमेरिकेत दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची परवानगी लागते.

आधी एक खुलासा. डुकराच्या ऊतीपासून केलेल्या हृदयाच्या झडपा कितीतरी वर्षं वापरात आहेत, पण त्या रसायनांची प्रक्रिया केलेल्या, निर्जीव असतात. पुढचे नियम जिवंत पेशी, ऊती आणि अवयवांसाठी आहेत.

पहिला मार्ग वैद्यकीय चाचणीचा, म्हणजे नवा उपचार मोजक्या रुग्णांवर करून पाहण्याच्या क्लिनिकल ट्रायलचा. युनायटेड थेरप्युटिक्स या कंपनीच्या, १० जनुकीय बदल केलेल्या डुकराच्या किडनीच्या चाचणीला एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. सुरुवातीला ६ रुग्ण आणि सगळं नीट झालं तर ५० पर्यंत. जाहीर झालेल्या अटींनुसार वय ५५ ते ७० हवं, किडनी निकामी झालेली हवी आणि किमान सहा महिने हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घेणं, सुरू असायला हवं. शिवाय वैद्यकीय कारणांमुळे मानवी किडनी बसवणं शक्य नसावं, किंवा यादीत नाव असूनही पाच वर्षांत किडनी मिळण्यापेक्षा न मिळण्याचीच शक्यता जास्त असावी. म्हणजे ज्याला मानवी किडनी लवकर मिळू शकते, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. हे मला योग्यच वाटतं.

दुसरा मार्ग चाचणीबाहेरच्या विशेष परवानगीचा. आजार जिवावर बेतलेला, तोडीचा दुसरा उपचार नाही आणि चाचणीतही जागा मिळू शकत नाही, अशा एकाच रुग्णासाठी ती मागता येते. डुकराचं हृदय बसवण्याची ७ जानेवारी २०२२ ची बाल्टिमोरमधली शस्त्रक्रिया याच वाटेने झाली; परवानगी आली होती ३१ डिसेंबर २०२१ ला.

इथे अर्ज रुग्ण करत नाही, डॉक्टर करतात. त्यांच्यासाठी ३९२६ क्रमांकाचा दोन पानी फॉर्म आहे. त्यावर रुग्णाची फक्त आद्याक्षरं, आजाराचा इतिहास, आधीचे उपचार आणि त्यांना मिळालेला प्रतिसाद, नियोजित उपचार व देखरेख लिहायची. सोबत अवयव पुरवणाऱ्या कंपनीचं अनुमतीपत्र आणि डॉक्टरांच्या पात्रतेचा तपशील जोडायचा. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यताही लागते. एफडीएकडे अर्ज पोहोचल्यापासून ३० दिवसांनी, किंवा त्याआधी होकार आला तर तेव्हा, उपचार सुरू करता येतात. अगदी तातडी असेल तर फोनवर परवानगी मिळते. मग लेखी अर्ज १५ कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो.

सगळ्यात जड कागद मात्र संमतीपत्र. प्राण्यातला विषाणू माणसात येऊन पुढे पसरू नये, ही त्यामागची काळजी. बाल्टिमोरच्या त्या रुग्णाच्या शरीरात नंतर डुकराच्या सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा अंश सापडला होता, त्यामुळे ही भीती कागदावरची नाही. २००१ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने आयुष्यभर तपासण्या करून घ्यायच्या. रक्त किंवा अवयवदान कायमचं बंद. नमुने आणि नोंदी ५० वर्षं जपल्या जातात. मृत्यूनंतर शवविच्छेदनाची विनंती होणार, हेही आधीच सांगितलेलं असतं. जोडीदाराला आणि निकटच्या माणसांना संसर्गाचा धोका समजावून सांगणं अपेक्षित आहे, त्यांनीही रक्तदान टाळायचं असतं.

म्हणून सहीच्या आधी घरच्यांना डॉक्टरांसमोर बसवा. किडनी काढावी लागली तर पुढे काय, हे स्पष्ट विचारा. २०२५ मध्ये एका रुग्णाची डुकराची किडनी २७१ दिवसांनी काढावी लागली आणि त्याला डायलिसिसवर परतावं लागलं. मानवी किडनीच्या यादीतल्या तुमच्या नावाचं मधल्या काळात काय होणार, याचं उत्तर लेखी घ्या.